हिंगमिरे सरांची पाठदुखी

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारच्याकडे बघू नका. जे काम करायची आपल्याला लाज वाटते, ते दुसऱ्यानं केलेलं आपल्याला कसं चालतं? चालतं ना? झकास चालतं! दिनकरराव हिंगमिऱ्यांनाही चालत होतं.

हे दिनकरराव तीस वर्षं हेडमास्तर. निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही! घरी बायकोकडे चहा मागायचे, तर गल्लीतली पोरं रांगेत उभी राहायची.

तर डोंगराच्या पायथ्याला, आंबेघोळ गावाबाहेर, एक निसर्गशाळा होती. तिथं शिबिर असायचं. वीस माणसांनी आठ दिवस एकत्र राहायचं, आंघोळीला माणशी एकच बादली, चुलीला मोजकं सरपण आणि सगळी कामं आपली आपण. दिनकररावांना बोलावलं होतं शेवटच्या दिवशी व्याख्यानाला. विषय — श्रमाची प्रतिष्ठा! ते म्हणाले, मी आठही दिवस राहतो, लोकांना जरा शिस्त लागेल.

तिथली व्यवस्था बघायची हौसाक्का. गावातलीच, साठी उलटलेली, चार शब्दांत काम सांगणारी बाई. पहिल्याच संध्याकाळी तिनं चिठ्ठ्यांचा डबा फिरवला. कुणाला भाकऱ्या आल्या, कुणाला भांडी. दिनकररावांनी आपली चिठ्ठी उघडली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. लिहिलं होतं, सोनखत.

आता हे काय? तर तिथले संडास कोरडे. पाणी ओतायचं नाही, वरून राख नि भुसा टाकायचा. खड्डा भरला की झाकायचा, वर्षभर मुरू द्यायचा, मग खत उकरून पाट्यांनी बागेत न्यायचं. हसताय काय? अहो, माल सगळेच तयार करतात — वाहतुकीला मात्र एकही तयार नाही!

दिनकररावांचा हात आपोआप कमरेवर गेला. हौसाक्काला त्यांनी हळू आवाजात सांगितलं — आयुष्यात पहिल्यांदाच हळू — की जुनी कळ आहे, वाकलं की उठते. हौसाक्कानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. चिठ्ठी घेऊन कनवटीला खोचली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः पाटी उचलली.

सुटले का मास्तर? छे! उपचार सुरू झाले. पाठदुखीला गादी वाईट, म्हणून जमिनीवर चटई. सकाळ-संध्याकाळ निर्गुडीच्या पाल्याचा शेक, असा कडक की पाठ खरंच लाल! जड खाणं बंद. बाकीचे पंगतीत भरल्या वांग्यावर तुटून पडलेले आणि मास्तरांपुढे वाटीभर नाचणीची पेज. वास येतोय वांग्याचा, घोट घ्यायचा पेजेचा! बरं, तक्रार कुणाकडे करणार? दुखतंय म्हणून सांगितलंय ना!

चौथ्या दिवशी सगळे पठारावर पक्षी बघायला गेले. मास्तर चटईवर. खिडकीतून बघतात तर हौसाक्का डोक्यावर पाटी घेऊन बागेकडे चाललेली. एक खेप झाली. दुसरी झाली. तिसऱ्या खेपेला ती फणसाखाली थांबली, पाटी खाली ठेवली, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून डोळे मिटून उभी राहिली.

मंडळी, तिची पाठ खरी दुखत होती.

मास्तरांनी पेजेची वाटी बाजूला सारली. शाळेत खोटं बोलणाऱ्या किती पोरांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं! आज त्यांना स्वतःला उभं राहायलाच जागा दिसेना. शेवटी उठले. अनवाणीच बाहेर गेले, खड्ड्याशी पोचले, नाकाला रुमाल लावला, डोळे मिटून हात घातला. आणि मग हळूच रुमाल काढला. काळं, भुसभुशीत, हाताला गार. वास? मातीचा. दुसरा कसलाच नाही.

पाटी भरून त्यांनी बागेत नेली. हौसाक्का वाफ्याशी बसली होती.

"अक्का, माझी पाठ कधीच दुखत नव्हती," मास्तर म्हणाले.

"ठावं हाय, सर."

"मग इतके दिवस पेज का पाजलीत?"

"खोट्या दुखण्याला बी औषध लागतंय," हौसाक्का म्हणाली. "न्हाई दिलं, तर जन्मभर ऱ्हातंय ते."

त्या दुपारपासून तिला त्यांनी पाटीला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी मास्तर पंगतीत बसले आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.

शेवटच्या दिवशी व्याख्यान. हातात बारा पानं, सुंदर अक्षर. मास्तर उभे राहिले, पानांकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्या वाटणीच्या पाट्या तीन दिवस अक्कांनी वाहिल्या. श्रमाबद्दल मला एवढंच ठाऊक आहे." आणि बसले. तीस वर्षांतलं सगळ्यात लहान भाषण! हौसाक्कानं ती बारा पानं मागून घेतली. संध्याकाळची चूल त्या पानांवर पेटली.

तुम्ही म्हणाल, बुवा, आपल्या गावात कुठं असली शाळा? नसू द्या. रोज या मंडपात पंगती उठतात. पत्रावळी कोण उचलतं? त्या माणसाचं नाव काय? सांगा की! सप्ताहाला मी तिसऱ्या वर्षी येतोय आणि मलाही ठाऊक नाही. तेव्हा लाज आधी माझी. आज आरती झाली की मी टोपली घेऊन मागच्या अंगणात जाणार. तुम्ही या म्हणून सांगत नाही. न आलात तर कारण मला सांगू नका. पांडुरंग समोरच उभा आहे, त्याच्या तोंडाकडे बघून त्याला सांगा.