साहेब गवतात हरवले

हत्ती गवत माणसाच्या दुप्पट वाढतं, बरं का. वळसंगच्या आमच्या मामानं ते दोन एकर लावलं, जळणासाठी कंपनीला विकायचं म्हणून. कंपनीचे साहेब पाहणीला आले. "विरळ असेल तर घेणार नाही," म्हणत एकटेच आत शिरले. अर्ध्या तासानं मामाचा फोन वाजला.

"अहो, मला बाहेरची वाट सापडेना."

"कुटं हाय तुमी?"

"गवतात."

शेवटी मामी पाण्याच्या टाकीवर चढली. "सायेब, जरा गवत हलवा की. हां, दिसलं. आता डावीकडं चला."

साहेब चिखलानं माखून बाहेर आले. मामानं भीत भीत विचारलं, "लई विरळ हाय का, सायेब?"

"पास केलंय," साहेब म्हणाले. "फक्त कापताना माझा एक बूट सापडला, तर फोन करा."