पट्टा थांबवणारा माणूस

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कामगार संघटनेचे प्रमुख श्री. हॉर्नबी, मोटार कारखान्याचे व्यवस्थापक श्री. परसेल, व्यासपीठावर विराजमान फादर कॅसिमिर, आणि आपल्या हॅमट्रॅमिकच्या पोलिश वस्तीतल्या माझ्या काका-मावशांनो,

माझे वडील क्लेमेन्स गुरस्की आज निवृत्त होत आहेत. घरातली पहिली पदवीधर म्हणून आभाराचे चार शब्द मी बोलावेत, असं ठरलं. आभार मानतेच. पण परसेलसाहेब आत्ताच म्हणाले, "कामगारांनी मन लावून काम केलं असतं, तर लोक जपानी गाड्यांकडे वळले नसते." आपण टाळ्याही वाजवल्या. कशासाठी वाजवल्या?

काही वर्षांपूर्वी, गाडीत पाणी शिरू नये म्हणून दारांना लावायच्या रबरी पट्ट्या आखूड आल्या. बाबांनी बटण दाबून जोडणीचा पट्टा थांबवला. तेव्हा आपले परसेलसाहेब त्या पट्ट्याचे प्रमुख होते. धावत आले. "क्लेम, पट्टा काय तुझ्या बापाचा आहे? जाऊ दे गाड्या! गळल्या तर विक्रेता बघून घेईल." दुसऱ्या दिवशी बाबांच्या हाती झाडू आला, तो आजपर्यंत.

तरी त्या वर्षी त्यांनी गाडी घेतली ती आपलीच, त्याच पट्ट्यावरची. पाऊस आला की आई मांडीवर टॉवेल घेऊन बसते. म्हणते, "लोक गाडीत रेडिओ बसवतात, आमच्या ह्यांनी नळ बसवून घेतलाय!" शेजारच्या वांडामावशींची जपानी गाडी अजून कुरकुरलेली नाही. पण बाबांचं एकच, "आपल्या पोटावर पाय देणाऱ्या गाडीत मी बसणार नाही."

फादर, हसू नका. तुमची जपानी गाडी बेकरीमागे उभी आहे, मी पाहिली. संघटनेच्या या अंगणात परदेशी गाडीला मज्जाव आहे. आखूड पट्ट्या पुढे पाठवणाऱ्याला मात्र व्यासपीठावर खुर्ची आहे.

बाबा, 'पुरे' म्हणून खुणावू नका. चांगलं काम करणाऱ्याचं नाव राहतं, असं सांगून तुम्हीच मला कॉलेजात पाठवलंत. मी ते खरं मानलं. अजून मानते.

परसेलसाहेब, भेटवस्तू राहू द्या. आम्हाला एक वाक्य हवं आहे: त्या दिवशी क्लेमेन्स गुरस्कीचं बरोबर होतं. तुमच्या तोंडून, या सगळ्यांसमोर.

अध्यक्षांनी बोलू दिलं, मावशांनी सकाळपासून खपून बटाट्याचं सारण भरलेले पियेरोगी केले, सर्वांची मी ऋणी आहे. बोलताना माझी पायरी सुटली असेल, तर मला क्षमा करा. क्षमा मागायला कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. माइक चालू ठेवून मी खाली येते.