लेसचे बूट

नाही ताई, लेसचा नकोच. दिसायला छान आहे, मान्य — पण आठवा महिना ना तुम्हाला? संपत आला? मग स्वतःचे पाय शेवटचे कधी दिसले ते आठवा, आणि म्हणे लेस! सुटली तर बांधणार कोण? नवरा? तो सकाळी बांधून कामाला जाईल, दुपारी सुटली की? अहो, उठू नका, पाय ठेवा स्टुलावर, मी बसते खाली. जन्म गेला माझा लोकांच्या पायाशी बसण्यात — गुडघे अजून शाबूत आहेत. संध्याकाळी आलात ते बरं केलंत. दिवसभरात पाय फुगतो, त्या मापाचा घेतला की चावत नाही. डावा जरा मोठा आहे तुमचा. माझ्या लेकीचाही डावाच.

हो, तिलाही आठवाच, पहिलीच खेप. तिने कुठले घेतले? इथले नाहीत. हसू नका! आईचं बुटांचं दुकान, आणि लेकीच्या पायात विहीणबाईंनी आणलेले बूट — तेही लेसचे, त्या काचेच्या मोठ्या दुकानातले. मला काही वाटलं नाही. मला कशाला वाटेल? चांगल्या आहेत हो विहीणबाई. डाव्या कुशीवर झोप म्हणून पाठीशी उशी लावून देतात, मीठ कमी, पाणी जास्त, रोज संध्याकाळी फिरायला नेतात. दवाखान्याची बॅग त्यांची कधीच भरून तयार. मीही भरली होती — बाळाची झबली, टोपडी, तिचे दोन सैल गाऊन — घेऊन गेले, तर म्हणतात, "अहो, कशाला त्रास घेतलात, आमची तयार आहे." आमची! आयत्या बिळावर नागोबा. तापाखोकल्यात उशाशी बसले मी, पहिलं पाऊल टाकलं ते माझं बोट धरून, आणि आता म्हणे आमची.

जाऊ दे. हा घाला बघू — बोटं हलवा. दाबतोय? मग काढा, बाळंतीण होईपर्यंत पायाशी भांडण नको.

त्या शिकवणीचं मात्र मला लागलं. बाळंतपणाची असते ना — श्वास कसा सोडायचा, कळ आली की सोबतच्या माणसाने कंबर कशी चोळायची — तुम्हीही जाता? मग ठाऊक असेल, सोबत एकच माणूस. आणि तेच माणूस नंतर प्रसूतीच्या खोलीत. जावई रक्त बघितलं की आडवे होतात, म्हणजे राहिलो आम्ही दोघी. कोणाला घेतलं तिने? सांगा. नाही, सांगाच. मी विचारलं तर म्हणाली, "आई, तू रडशील. तू रडलीस की मला भीती वाटते." मी रडते? मी? — हे काही नाही हो, तळवे चिकटवायच्या सोल्युशनचा वास चढतो डोळ्यांत. दुकानात असंच असतं कायम.

घाई आहे का तुम्हाला? नाही ना? मग बसा जरा. आत्ता फिरायला जातील त्या दोघी इथून. समोरच्या फुटपाथवरून जातात, ह्या बाजूचा चांगला फरसबंद असूनसुद्धा. लेक हात हलवते, मी कामात असल्यासारखं करते. आज खरंच गिऱ्हाईक आहे, ते बरं झालं. — तो? तो काउंटरखालचा जोड विकायचा नाही. तुमच्या मापाचा असेल, तरी नाही. पाय घातला की झालं, ना लेस ना बक्कल, तळवा मी स्वतः मऊ लावून घेतलाय. द्यायला गेले, तर तिच्या पायात ते दुसरे.

आल्या बघा. कसं कोपर धरलंय, जसं काही मी धरलंच नसतं. थांबल्या का? — सुटली! बघितलंत, लेस सुटली! म्हटलं होतं की नाही? आता बघू दे कोण बांधतं. लेकीला वाकता येत नाही, आणि विहीणबाई एकदा खाली बसल्या की उठवायला दोघं लागतात. बांधा म्हणावं! खोलीत आत जायचंय ना, मग लेस बांधा आधी! — वाकतायत. नाही जमत. परत वाकतायत... अहो बाई, तोल जाईल, तिला घेऊन पडाल! लेकीने खांब धरलाय. इकडे बघतेय. आज हात नाही हलवला. नुसते ओठ हलले — आई म्हणाली. त्यांनाही आईच म्हणते ती. पण इकडे बघून म्हणाली. इकडेच बघून.

सरका ताई. तो जोड घेऊ द्या — तोच, काउंटरखालचा. तुमचं उद्या बघू, उद्या या. डोळे लाल दिसतायत का माझे? नाही ना? मग उठा आता, दुकान बंद.