कण्णूरच्या किल्ल्याचा उंबरा

आरं, किल्ला कसा बघायचा ते आमी पार केरळात शिकवून आलोय! च्या घ्या, सांगतो.

उचगावची आमी समदी गाडी करून कण्णूरला गेलतो. समुद्राला लागून किल्ला हाय, लाल दगडाचा, एक नंबर. आता आपल्याकडं गडाच्या दारात माणूस पयलं वाकतंयच की. मी सवयीनं पायताण काढलं आन् उंबऱ्याला डोस्कं टेकलं. माझं बघून समद्यांनी काढली.

संगं घेतलेला तिथलाच गाईड फिदीफिदी हसला. मोडक्या हिंदीत म्हणला, "काका, ये मंदिर नहीं. पोर्तुगीज लोग बनाया."

चारचौघांत हसतोय व्हय! माझं टाळकंच सणकलं. म्हणलं, "पत्थर क्या पोर्तुगीज उठाया? डोस्के पे?"

आमचा मुसाभाई शर्ट ओढाय लागला, "गप की लेका, परमुलखात हाय आपण."

गाईड म्हणला, "नहीं काका, पत्थर तो इधर का लोग उठाया. हमारा गाँव का लोग."

"फिर तू जूता निकाल की!"

गडी त्या लाल दगडाकडं बघत ऱ्हायला. मग खाली बसून बुटाची नाडी सोडली आन् माझ्यासारखाच वाकला.

तेवढ्यात मागनं दुसरी पावणं आली. दारात पायताणांचा ढीग बघून बिचकली. "चप्पल यहीं उतारनी है क्या?"

मी तोंड उघडायच्या आत गाईडच छाती काढून म्हणला, "हाँ, उतारो. हमारा लोग बनाया है."