रडूबाईचा मोजा

—तसा नवस नव्हता तो, साहेब, काही मागायचा. सोडायचा होता. कुणी गोड सोडतं, कुणी मीठ सोडतं, मी सूचना सोडल्या. हसा, हसा, सासूबाईही हसल्या होत्या. नवी नवी लग्न होऊन आले तेव्हा यजमान कामावर निघाले की मी दारात इतकं बजावायचे, इतकं बजावायचे की शेजारीण विचारायची, नवरा टाक्या धुवायला जातोय का लढाईवर? ओल्या बुटांनी शिडीवर चढू नका, उपाशीपोटी टाकीत उतरू नका, डोकं जड झालं तर लगेच वर या, डबा उन्हात ठेवू नका, रस्ता ओलांडताना गप्पा मारू नका — आणि हे नुसते हं, हं करत बुटाची नाडी बांधायचे. एकदा सासूबाई म्हणाल्या, अगं, चाळणीत पाणी ओततेयस. शंभर सांगशील तर शंभरही वाहून जातील, एक सांग, तेवढं तरी चिकटेल. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि बोलले — उंबऱ्यावर एकच वाक्य, दुसरं तोंडातून काढणार नाही, तेवढं बळ मला दे आणि माझा माणूस रोज घरी आण. ‘जाता तसे परत या.’ बस, एवढंच. बाकीचं सगळं जिभेवर यायचं आणि मी ते गिळायचे. देवानंही त्याची बाजू पुष्कळ वर्षं पाळली हो. उगाच त्याला बोल लावणार नाही मी.

चहा घ्या ना. गरम आहे — कपावर लिहिलेलं नाही, म्हणून सांगते. आणि दिवा सरकवलात ते बरं केलंत, पडदा जवळ होता खरा. स्टूलही बसायच्या आधी दाबून पाहिलंत, ते पाहिलं मी. असू दे, हाडाची सवय ती. डॉक्टर लग्नाच्या पंगतीतही लोकांच्या जिभा बघतो म्हणतात, तसं तुमचं. सुरक्षेचे साहेब तुम्ही, आणि तुम्ही का आलात तेही मला ठाऊक आहे. रखवालदार कालच म्हणाला, वहिनी, तुमच्यावरून वर चर्चा झाली. कारखान्याच्या फाटकाच्या आत ती पिवळी पट्टी आहे, तिथे बिनहेल्मेटच्या बाहेरच्या माणसानं उभं राहायचं नाही, आणि मी रोज सकाळी तिथेच उभी. खरंय. नियमात बसत नाही. पण मी करते तरी काय? टाकीवाले आत जातात, तेव्हा प्रत्येकाला एकच सांगते — तोंडावरून हलू नका. कुणी म्हणतं, हो वहिनी. कुणी मान खाली घालतं. कुणी थट्टाही करतं — वहिनी, आज मी सुट्टीवरच्या माणसाच्या जागी आलोय, मला लागू आहे का? म्हटलं, तुला दुप्पट लागू.

तोंड म्हणजे टाकीचं, वरचं भोक. तुम्हाला मी काय सांगणार, तरी सांगते. एक माणूस आत उतरतो, दुसरा तोंडावर दोर धरून बसतो. आतला बोलेनासा झाला की वरच्यानं ओढायचं. एवढं सरळ काम. त्या दिवशी हे आत उतरले होते आणि तोंडावर आमचे भावजी होते, यजमानांचे धाकटे भाऊ. तुमच्या आधीचे साहेब फेरीला आले — वाईट नव्हते ते, भले होते, नंतर इथे येऊन भिंतीला टेकून रडले — त्यांनी पाहिलं तर भावजींच्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा तुटलेला. जा, बदलून घे. भावजी म्हणाले, साहेब, दादा आत आहे. ते म्हणाले, म्हणूनच सांगतोय, अशा कामाला अर्धवट हेल्मेट चालत नाही. आणि ते पुढच्या टाकीकडे गेले, तिथेही कुणाचं काही तुटलं असेल, बघायला. भावजी धावले. जिन्यावर त्यांना अडवलं, धावायचं नाही, कठडा धर. मग ते कठडा धरून उतरले. कोठीतून नवा पट्टा घेतला आणि कठडा धरून चढले. पट्टा चांगला घट्ट बसला होता, साहेब. आजही ते हनुवटीला हात लावून बघतात, बोलता बोलता. त्यांना कळतही नाही.

दोर सैल पडला होता.

घ्या, दुसरा कप ओतते. — हा? हा मोजा लेकीचा, तान्ही असतानाचा. दिव्याच्या अगदी जवळ आहे म्हणता? ठेवते इकडे. लोकरीचा आहे, पेटायचा. जोडी होती, दुसरा कुठे गेला कोण जाणे. हा यांच्या वस्तूंबरोबर परत आला. रडूबाईला घातला होता ना. — रडूबाई म्हणजे ते छातीवर लावायचं यंत्र हो, वाईट हवा आली की ओरडतं ते. तुम्ही त्याला काही वेगळं म्हणत असाल, टाकीवाले रडूबाईच म्हणतात. आधी बरी होती म्हणे. मग कुठल्याशा तपासणीत ठरलं की आणखी जपायला हवं, आणि तिला इतकी हळवी करून ठेवली की रंगाच्या डब्याला रडायची, कुणी अंगाला अत्तर लावून आलं तर रडायची. यांनी एकदा चुकून घरी आणली, तर मी कांदा परतायला घेतला आणि हिनं गळा काढला, लेक घाबरून पलंगाखाली. आणि ती रडली की सगळ्यांनी वर यायचं, अंगावरचं सगळं उतरवायचं, खोळंबून राहायचं, आणि शेवटी काय, तर काही नाही. मुकादम करवादणार तो वेगळाच. मग माणसं काय करणार? किरकिऱ्या पोराला काय करतात? उबेला गुंडाळतात आणि झोपवतात. तशीच तिला झोपवतात. कुणाचा मोजा, कुणाची कानटोपी. भावजींच्या छातीवर परवाच राखाडी लोकर डोकावत होती, आणि उद्या मोठ्या टाकीत आत उतरायची पाळी त्यांची—

पेन कशाला काढलंत, साहेब?

झोपवायचे म्हटलं मी. तेव्हा, तेव्हाचं बोलत होते... नाही. दिव्यासमोर बसून खोटं कशाला बोलू. आत्ताचं आहे. तुम्हाला माहीत नव्हतं होय? मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत असतं, इतके फलक लावता. आता कसं करू मी? भावजींचं नाव लिहू नका हो, हात जोडते. त्यांच्यावर आमची चूल आहे, त्यांची आहे, आणि तो माणूस आधीच अर्धा आहे. आणि मोज्यावरही नियम लिहू नका. मोजा बंद कराल तर कापूस घालतील. कापूस बंद कराल तर हाताचा तळवा ठेवतील वर. रडण्याला काही अर्थ असता तर कुणी झोपवलंच नसतं ना तिला. परवा ती लोकर दिसली तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, भावजी, काढा तो मोजा. नाही बोलले. व्रत आड आलं म्हणा — पण खरं सांगू, भीती वाटली. आज मोजा म्हटलं की उद्या पट्टा म्हणेन, परवा बूट म्हणेन, तेरवा मीही रडूबाईच. मग मलाही मोजा घालतील, आणि ते एक वाक्यही जाईल. रात्रभर तेच — बोलावं की न बोलावं. आता तुमच्यापुढे बोलून बसले, बघा. देवालाच ते तुमच्या कानावर घालायचं असेल.

तुम्ही माझ्या धाकट्या भावाएवढे आहात. भाऊ म्हणते. मी पट्टीच्या बाहेर राहीन, कबूल, उद्यापासून फाटकाशी दिसणार नाही. पण ती जागा रिकामी ठेवू नका. उद्या सकाळी तुम्ही उभे राहा तिथे. आणि भावजी उतरायच्या आधी त्या रडूबाईला जरा निबर करून आणा, खऱ्यालाच रडेल अशी, म्हणजे मोजा आपोआप गळून पडेल, कुणी काढा म्हणायला नको. तुमच्या हातात आहे की नाही ते मला माहीत नाही, पण वरच्यांशी भांडणं तर हातात आहे. बाकी फलक राहू देत भिंतीवर, भिंतीला काही ओझं होत नाही. तोंडावर जो बसला असेल त्याला मात्र कुणी हलवायचं नाही, पट्ट्यासाठी नाही, तुम्ही बोलावलं तरी नाही. घरी जाऊन दिवा लावा, देव मानत नसाल तर आईसमोर बसा, आणि मी बोलले तसं बोला — एकच सांगेन, आणि ते मीही पाळेन. जड जातं, आधीच सांगते. जीभ वळवळते.

चहा निवला तुमचा. असू दे, उठा आता, अंधार पडायच्या आत पोचा. तो उंबरा जरा — नाही, काही नाही. जाता तसे परत या, भाऊ. आणि उद्या फाटकाशी तुम्हीही एकच म्हणा — तोंडावरून हलू नका.