कुंडीतली कन्हार

...अन् तो नर्सरीवाला मले म्हनते, "काकाजी, गमले की मिट्टी अलग होती है, समझना पड़ता है!" मले! चैतराम पटलेले! तुमाले सांगतो, तोंडात खर्रा होता म्हनून वाचला तो, नाई तं त्याले त्याच्याच गमल्यात उभा केला असता. अहो, चाळीस वरीस आमगावच्या बाजूले धान पिकवला मी. माती बोटात चोळून सांगतो का ही मुरमाची, ही रेताड, अन् ही कन्हार, काळी, चिकट, पानी धरून बसनारी. पायाले चिकटली तं चप्पल ठेवून घेते, मानूस सोडून देते, अशी माती! अन् हा बारा कुंड्या मांडून रोडवर बसलेला इसम मले माती सिकवते!

आता तुमी म्हनसान, गेलेच काऊन नर्सरीत? तेच तं सांगून राहिलो ना!

दोन हजार अकराची गोष्ट. पोरानं शहराले लागून फुलचूरले घर बांधलं, आमाले घेऊन आला. शेती अर्ध्यावर देली अन् आलो आमी बुढा-बुढी. घर चांगलं हाय, नाव नाई ठेवत, पन आंगनच नाई! गेटपासून पायरीपर्यंत फरशी. पान्याचा थेंब पडाले लाजते. तेवढ्यात आमच्या हिच्या, म्हंजे रुख्माच्या, माहेरी अर्जुनीकडे तिच्या भावानं बी आंगनात सिमेट ओतायचं ठरवलं. त्या आंगनात हिच्या मायनं लावलेला मोगरा. माय जाऊन चार वर्सं झालती. हिनं बातमी आयकली. पिशवी घेतली, बसनं गेली, अन् दुसऱ्या रोजी ओल्या गोनपाटात मुळासकट रोपं घेऊन आली. तीन निघाले होते, एक रस्त्यात मेलं म्हने. दोन राहिले.

मी म्हनलं, "तू चिंता नोको करू वो. हे मी जगवतो. माती माह्यावर सोड."

ही तं म्हनून राहिली होती, "आयका तं जी, कुंडीले..." मी म्हनलं, कुंडीले काय? कुंडी म्हंजे बिनादाराची बांधी, चारी बाजूनं बांध घातलेला धानाचा तुकडा! मले माती सिकवते!

गेलो आमगावले. स्वताच्या बांधीतली कन्हार खोदली, चुंगडीत भरली, डोक्यावर घेऊन रेल्वेत चढलो. टीसी विचारते, "इसमें क्या है?" मी म्हनलं, "मिट्टी." तो म्हनते, "खोलो." खोलली. त्यानं पाह्यलं, माह्या तोंडाकडे पाह्यलं, अन् पुढच्या डब्यात गेला. जाऊ द्या, त्याले काय समजते!

कुंडी भरली, दाबून दाबून, पायानं! एक रोप लावलं, पानी देलं, तं पानी खालून वाहून राहिलं! पाहतो तं काय, कुंडीच्या बुडाले भोक! आता सांगा, धानवाल्या मानसाले फुटलेली बांधी दिसली तं तो काय करन? बुजवन! मी बी बुजवलं. कन्हारीचा गोळा केला, आतून थापला, वरून सिमेट लावलं. एक थेंब बाहेर येन तं शपथ!

वर पानी उभं राहिलं, मस्त, आरशासारखं. मले असं समाधान वाटलं, का बाप्पा, चार धान बी रोवून टाकावं.

आठव्या रोजी पानं पिवळी. मले वाटलं तहान लागली, अजून पानी देलं. पंधराव्या रोजी रोप हातात आलं, खाली मूळच नाई, काळा चिखल अन् नाक बंद करावं असा वास. चार रोज वाळू देलं तं कुंडीतली माती अशी वीट झाली, का फेकून मारली तं घर बांधता येन.

म्हनून गेलो नर्सरीत, म्हनून त्यानं मले तसं म्हनलं. अन् वरून वाटेत भेटले आमचे शेजारी, भैयाजी. दफ्तरातून रिटायर झालेला मानूस, घरी कंप्युटर, अन् जगातली एक गोष्ट अशी नाई का जी याले म्हाईत नाई. "चैतरामजी, मिट्टी का जमाना गया! नेटवर वाचा. विदाऊट मिट्टी! कोकोपीट! नारयलाचा भुसा!" आता मले सांगा, ज्यानं जलमात चिखलात पाय नाई टाकला, ज्याच्या नखात माती गेली तं डाक्टरकडे जाते, तो मले माती सिकवते! अन् ते बी काय, का माती नोकोच!

पन हिचं तोंड पाहवत नव्हतं. आनली ती कोकोपीटची वीट. सोन्यासारखी चमकीच्या कागदात गुंडाळलेली. पुड्यावर लिवलं होतं, पान्यात भिजवा. मी बालटीत टाकली, वरून नळ सोडला, अन् खर्रा घोटाले बसलो. परत येऊन पाहतो तं बालटी भरून वर, बाथरूमात भुसा, नालीत भुसा, सुनेच्या साबनावर भुसा! सून बाहेरून वरडते, "बाबूजी, आत काय चालू हाय?" काय सांगू तिले? माती फुगली म्हनून सांगू?

लावलं दुसरं रोप त्या निव्वळ भुशात. आता त्याचा लुच्चेपना आयका. वरून पाहावं तं कोरडं खटक. म्या पानी देलं. सकाळी कोरडं, पानी देलं. दुपारी कोरडं, पानी देलं. अन् आत? आत गावतळ्याच्या गाळासारखं लदलद! वरून साधू अन् आतून असा! कुंडीतून बारके बारके चिलटं उडून राहिले, आमच्या चहात पडून राहिले. पानं पांढरी पडली, कारन त्या भुशात खायाले काई दानाच नाई. महिन्याभरात दुसरं बी गेलं.

त्या रोजी रुख्मा भांडली असती तं बरं झालं असतं, मी तयारीत होतो. वाळलेलं रोप तिनं हातात घेतलं, पदरानं पुसलं, अन् गेली आत. चार रोज घरात सैपाक होये, वाढनं होये, आवाज नाई. मी भैयाजीवर राग काढला, नर्सरीवाल्यावर काढला, त्या टीसीवर बी काढला. आतून मले समजून राहिलं होतं, का तिच्या मायचं शेवटलं नखभर काई उरलं होतं, ते मी बुडवून मारलं.

पाचव्या रोजी गेलो भैयाजीच्या घरी, शिव्या द्याले. तो गच्चीवर होता. चढलो. तोंड उघडलं, अन् वास आला. मोगऱ्याचा! कोपऱ्यात कुंडी, हिरवीगार, सात कळ्या, दोन फुललेल्या. बाजूले भैयाजीची बायको प्रेमिला, अन् तिच्या बाजूले बसून, हातात खुरपी घेऊन... माही बायको!

मी म्हनलं, "हा कोनाचा?"

रुख्मा म्हनते, "मायचा. तिसरा."

रस्त्यात मेलेला! माह्यापासून लपवून ठेवला होता! चोरापासून दागिना लपवते तसा!

मी म्हनलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगत होती ना. कुंडीतल्या मातीचं तीन रोज सांगत होती." अन् मंग, तुमाले सांगतो, तिनं कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, अगदी माह्या आवाजात म्हनलं, "मले माती सिकवते!"

भैयाजी हासला. प्रेमिला हासली. मी कुठी पाहू?

मंग तिनं मूठभर माती माह्या हातावर ठेवली. हलकी, मोकळी, मुठीत दाबली तं गोळा, बोट लावलं तं भुगा. अर्धी माती, थोडी नदीची रेती, कुजलेलं शेनखत, अन् राईस मिलच्या मागं फेकून देते ना ते जळकं तूस. कुंडीचं भोक उघडं, वरून खापरीचा तुकडा आडवा. म्हनते, "धान पान्यात उभा रायते जी. मोगऱ्याच्या मुळाले दम घ्याले जागा पायजे. शेतातलं पानी खाली जाते, कुंडीतलं कुठी जाईन?"

एवढंच. एवढंच होतं! मी कुंडी उचलली, छातीशी धरली, अन् गच्चीवरून घरापर्यंत कोनाले हात नाई लावू देला. डोळ्यात तूस गेलं होतं बहुतेक.

आता तुमी म्हनसान, गोड झालं. काय गोड झालं? त्या मोगऱ्याचे दहा मोगरे झाले, साऱ्या कालनीच्या बाया कुंड्या घेऊन आमच्या दारी. परवाची गोष्ट. ही बाजारात गेलती. एक बाई आली, हातात मरतुकडी तुळस. म्हनते, "रुख्माकाकू हायेत का?"

मी म्हनलं, "नाई. पन बस तू, मी सांगतो. चाळीस वरीस..."

तिनं कुंडी पाठीमागं लपवली. म्हनते, "नोको काकाजी, तुमी फक्त येवढं सांगजा, का मी येऊन गेली."

सांगतलं जी. काय करता?