सगळं गावच मामांचं

भाच्याला आपला पाय लागू द्यायचा नाही, ही रीत तुमच्याकडेही आहे ना? त्या रीतीपायी माझा दादा एकदा फुटबॉलचा सामना जिंकला. वडील लष्करात होते, म्हणून दादा छावणीतल्या जवानांबरोबर खेळून तयार झालेला. राज्यं वेगळी झाली तेव्हा आमचं अक्कलकुवा महाराष्ट्रात राहिलं आणि आईचं माहेर गुजरातेत गेलं. दोन्ही गावांमध्ये दोन दिवस सामने ठरले आणि दादा आपल्याकडूनच खेळावा म्हणून दोन्ही बाजू हटून बसल्या.

वडील म्हणाले, "फौजीना पोऱ्या बापना गावकडून खेळी."

पहिल्या दिवशी दादा चेंडू घेऊन निघाला की समोरचे बाजूला होत. आईच्या गावचा प्रत्येक माणूस त्याचा मामाच. दादाने सहा गोल केले.

वडिलांनी थोरल्या मामांना विचारलं, "तुम्ही त्याले आडावतस का नही?"

"भाचाले पाय लागना ते पाप लागी, दाजी."

वडील घरी आले. मग दादाला म्हणाले, "हाई काय जितनं शे? उद्या मामासकडून खेळ. आपला पोरे तुले आडावतीन तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मामांकडून खेळला आणि आमच्या पोरांनी त्याला एकही गोल करू दिला नाही.